लहान गावातील नर्सिंग होमची निवड : पाटीवरील नावांपेक्षा रात्रपाळी महत्त्वाची

इंग्लंड-अमेरिकेत ‘नर्सिंग होम’ म्हटले की वृद्धांचा दीर्घकाळ सांभाळ करणारी संस्था डोळ्यांसमोर येते. आपल्याकडे या शब्दाने वेगळीच वाट धरली. महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हणजे दहा-पंधरा खाटांचे खासगी रुग्णालय. कायद्याच्या भाषेत ‘शुश्रूषागृह’. तालुक्याच्या गावी त्याची ठेवणही जणू ठरून गेलेली आहे. पाटीवर डॉक्टरांच्या आईचे किंवा वडिलांचे नाव, तळमजल्यावर ओपीडी आणि मेडिकल, पहिल्या मजल्यावर खाटा व शस्त्रक्रियागृह, आणि सर्वांत वर डॉक्टर दाम्पत्याचे बिऱ्हाड. पती शल्यचिकित्सक किंवा फिजिशियन, पत्नी स्त्रीरोगतज्ज्ञ, ही जोडी इतकी परिचयाची की निराळी सांगण्याची गरज नाही.

मुंबई-पुण्यातील वाचकाला हा विषय आपला वाटत नाही. परंतु नोकरीसाठी शहरात आलेल्या असंख्य कुटुंबांचे आईवडील आजही बार्शी, चिपळूण, वाशीम किंवा चाळीसगावसारख्या गावांत राहतात. रात्री फोन येतो, शेजारी विचारतात, ‘‘कुठे नेऊ?’’ आणि दोनशे किलोमीटरवर बसलेल्या मुलाला किंवा मुलीला त्याचे उत्तर माहीत नसते. मग निर्णय रिक्षावाला घेतो, किंवा ज्याचा दवाखाना त्या वेळी उघडा असेल तो. ही निवड आजारपण येण्यापूर्वीच, दिवाळीच्या किंवा गणपतीच्या सुटीत गावी गेल्यावर अर्धा दिवस काढून करून ठेवावी.

रात्री दोन वाजता कोण येणार?

नर्सिंग होमच्या दर्शनी फलकावर पंधरा-पंधरा तज्ज्ञांची नावे व पदव्या रंगवलेल्या असतात. त्यांतील बहुतेक जण ‘व्हिजिटिंग’ असतात. हृदयरोगतज्ज्ञ दर मंगळवारी, मूत्ररोगतज्ज्ञ महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, असा त्यांचा क्रम चालतो. नेहमीच्या तपासणीसाठी ही सोय उत्तमच आहे. पण छातीत कळ मंगळवार पाहून येत नाही. म्हणून फलक वाचून झाला की एकच प्रश्न विचारावा : रात्री या इमारतीत कोण असते?

या प्रश्नाची तीन उत्तरे संभवतात. पहिले, डॉक्टर वरच्याच मजल्यावर राहतात. लहान गावातील नर्सिंग होमचे हे सर्वांत मोठे बलस्थान होय. शहरातील पंचतारांकित रुग्णालयातही मुख्य तज्ज्ञ रात्री पाच मिनिटांत खाटेपाशी येत नाही. येथे तो येतो. दुसरे, डॉक्टर जिल्ह्याच्या ठिकाणी राहतात आणि अपडाऊन करतात. अशा ठिकाणी संध्याकाळी सातनंतर रुग्णालयाची गुणवत्ता पूर्णपणे रात्रपाळीच्या डॉक्टरवर अवलंबून राहते. तिसरे उत्तर म्हणजे रात्री फक्त सिस्टर असतात. अशा जागी गंभीर रुग्ण ठेवू नये.

रात्रपाळीचा हा डॉक्टर, म्हणजे आरएमओ, पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. एवढ्यावरून नाक मुरडण्याचे कारण नाही. राज्यातील खासगी आरोग्यसेवेची रात्र बऱ्याच अंशी हीच मंडळी सांभाळतात. पाहायचे ते इतकेच, की बिघाड झाल्यावर तो मुख्य डॉक्टरांना किती वेळात बोलावतो आणि ते किती वेळात पोहोचतात.

सिस्टरबाबतही स्पष्ट विचारावे. आपल्याकडे पांढरा किंवा निळा गणवेश घातलेली प्रत्येक स्त्री ‘सिस्टर’ ठरते. प्रत्यक्षात एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा असतो, आणि या सर्वांची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असावी लागते. अनेक लहान रुग्णालयांत मात्र दहावी-बारावी झालेल्या मुलींना कामावरच शिकवून घेतले जाते. त्यांचे हात हलके असतात, रुग्णाशी बोलणे मायेचे असते. परंतु रक्तदाब घसरू लागला आहे हे वेळेत ओळखण्यासाठी शिक्षण लागते. रात्रपाळीला किमान एक तरी नोंदणीकृत परिचारिका आहे का, हे विचारण्यात संकोच नको.

भिंतीवरचा कागद

खासगी रुग्णालयांची नोंदणी आपल्याकडे १९४९ च्या कायद्यानुसार होते. पूर्वी ‘मुंबई’ हे नाव लावणारा हा कायदा आता महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम म्हणून ओळखला जातो. केंद्राने २०१० मध्ये वैद्यकीय आस्थापनांसाठी स्वतंत्र कायदा केला. पण महाराष्ट्राने तो न स्वीकारता आपलाच कायदा चालू ठेवला. महानगरपालिका हद्दीत पालिकेचा आरोग्य विभाग नोंदणी करतो, तर नगरपरिषदेच्या गावांसाठी सामान्यतः जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाशी संबंध येतो. नोंदणी प्रमाणपत्र रुग्णालयात ठळक जागी लावणे बंधनकारक आहे. त्याची मुदत तीन वर्षांची असते. प्रसूतीसाठी किती आणि इतर रुग्णांसाठी किती खाटा मंजूर आहेत, हेही त्यावर लिहिलेले असते. बाराच्या परवान्यावर व्हरांड्यात वीस खाटा टाकलेल्या दिसल्या, तर ते मोजायला कोणा अधिकाऱ्याची गरज लागत नाही.

या कागदाचा आरोग्यविम्याशी थेट संबंध आहे, आणि तो बहुतेकांना दावा नाकारल्यावरच कळतो. विमा नियामकाच्या व्याख्येनुसार ‘रुग्णालय’ ठरण्यासाठी संस्था संबंधित कायद्याखाली नोंदवलेली असावी. तसे नसेल तर दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावात किमान दहा खाटा, चोवीस तास पात्र परिचारिका, चोवीस तास प्रभारी डॉक्टर, सुसज्ज शस्त्रक्रियागृह आणि रुग्णांच्या दैनंदिन नोंदी, एवढ्या अटी पूर्ण कराव्या लागतात. सहा खाटांच्या, नोंदणीची मुदत संपलेल्या ठिकाणी आईला आठ दिवस ठेवले तर विमा कंपनी हात वर करू शकते. विमा कंपन्यांची वर्ज्य रुग्णालयांचीही यादी असते. ती संकेतस्थळावर पाहून ठेवावी. जानेवारी २०२४ मध्ये सर्वसाधारण विमा कंपन्यांनी जाळ्याबाहेरील रुग्णालयांतही कॅशलेस सुविधा देण्याची घोषणा केली. तातडीच्या प्रसंगी भरती झाल्यापासून ४८ तासांत कंपनीला कळवावे लागते. तरीही लहान गावात आधी पैसे भरून नंतर परतावा मागण्याची तयारी ठेवलेली बरी.

सरकारी योजनांचे गणित वेगळे आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती, तिची व्याप्ती वाढवून कुटुंबाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील सर्वांसाठी, उत्पन्न कितीही असो, केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांचे कार्ड मिळते. मात्र ही कार्डे योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयांतच चालतात आणि गावातील दोन-चार खोल्यांचे नर्सिंग होम त्यात क्वचितच असते. प्रवेशद्वाराजवळ ‘आरोग्यमित्र’ बसलेला आहे का, ही त्याची सोपी खूण.

इमारत डोळ्यांनी वाचावी

शस्त्रक्रियागृह दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही, किंवा लिफ्ट आहे पण तीत स्ट्रेचर मावत नाही, हा अनुभव लहान गावात नवा नाही. भूल उतरत असलेल्या रुग्णाला चार जण खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणतात. साठीपुढच्या माणसाचे खुब्याचे हाड मोडले असेल तर हा जिना आधी आठवावा.

प्राणवायूबाबत साधा हिशेब करता येतो. मोठ्या, म्हणजे जम्बो, सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर वायू असतो. रुग्णाला मिनिटाला दहा लिटर लागत असेल तर तो साडेअकरा तासांच्या आसपास पुरतो. रुग्णालयात चार रुग्ण प्राणवायूवर असतील आणि सिलिंडर भरून आणण्याचे ठिकाण ऐंशी किलोमीटरवर असेल, तर किती सिलिंडर शिलकीत हवेत हे ज्याचे त्याने ठरवावे. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर हा प्रश्न विचारणाऱ्याकडे कोणी विचित्र नजरेने पाहत नाही. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर फक्त दिवे चालतात की व्हेंटिलेटरही, आणि जनरेटर आपोआप सुरू होतो की वॉर्डबॉयला शोधून आणावे लागते, हेही त्याच ओघात विचारून घ्यावे.

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातील आगीत दहा बालके दगावली. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरार येथील खासगी रुग्णालयाच्या आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांना आग लागली. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतीतील अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावे लागते. सामान्य माणसाने नळकांड्यावरील तारीख पाहावी, दुसरा जिना आहे का ते पाहावे, आणि असल्यास तो औषधांच्या खोक्यांनी भरलेला नाही ना, हेही पाहावे. अतिदक्षता विभाग म्हणजे वातानुकूलनासाठी काचा पक्क्या बसवलेली एकच दार असलेली खोली असेल, तर तेथे शक्यतो राहू नये.

कचऱ्याच्या बादल्याही बरेच बोलतात. २०१६ च्या नियमांनुसार रक्तामांसाचा कचरा पिवळ्या, वापरलेल्या नळ्या व सलाईनच्या बाटल्या लाल, काच निळ्या आणि सुया पांढऱ्या डब्यात जायला हव्यात. जेथे सुई आणि केळीची साल एकाच टोपलीत दिसते, तेथे शस्त्रक्रियेची हत्यारे कशी उकळली जात असतील याची कल्पना करता येते.

सर्वच आजारांना एकच उत्तर नाही

‘चांगले नर्सिंग होम कोणते’ या प्रश्नाला ‘कशासाठी’ हा उलटा प्रश्न जोडल्याशिवाय अर्थ नाही. ताप, जुलाब, डेंग्यूचा सौम्य प्रकार, हर्निया, अपेंडिक्स, नेहमीचे बाळंतपण यांसाठी गावचे नर्सिंग होम शहरातील मोठ्या रुग्णालयापेक्षा स्वस्त व अनेकदा अधिक आपुलकीचे ठरते. प्रश्न येतो तो घड्याळाशी बांधलेल्या आजारांचा.

हृदयविकाराच्या झटक्यात कॅथलॅब दोन तासांच्या आत गाठता येत नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जेथे असाल तेथेच द्यावे, असे वैद्यकीय मार्गदर्शक सूत्र आहे. म्हणजे लहान गावातील फिजिशियन येथे खऱ्या अर्थाने जीवदाता ठरू शकतो. त्यासाठी रात्री ईसीजी निघाला पाहिजे, तो वाचणारा हवा आणि ते इंजेक्शन मेडिकलमध्ये शिल्लक हवे. पक्षाघाताचे मात्र उलट आहे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत इंजेक्शन देता येते, पण त्याआधी सीटी स्कॅन अनिवार्य असतो. सीटी नसलेल्या ठिकाणी सलाईन लावून ‘सकाळी बघू’ म्हणत घालवलेली रात्र पुढे रुग्णाला आयुष्यभर भोगावी लागते. तेव्हा सर्वांत जवळचा, रात्रीही चालणारा सीटी स्कॅन कोठे आहे, हे आधीच माहीत असावे. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया एक-दोन दिवसांत व्हावी असे मानतात. म्हणजे तेथे विचार करून मोठ्या गावी हलवण्याइतका अवधी मिळतो.

सर्पदंशात खासगीच्या मोहात न पडता ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठणे बहुधा योग्य. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालणारी प्रतिविषाची लस तेथे मोफत मिळते, आणि पहिल्या मात्रेलाच आठ ते दहा कुप्या लागतात. एवढा साठा खासगीत असेलच असे नाही. लहान गाव म्हणजे मागासलेली वैद्यकी, हा समज मात्र काढून टाकावा. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे काम महाडमधील, आणि ते ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने प्रसिद्ध केले.

बाळंतपणाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आजही टिकून आहे. पुण्यात तपासणी झालेली मुलगी आठव्या महिन्यात तालुक्याच्या गावी येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील सुमारे एक चतुर्थांश प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या. म्हणजे ‘नॉर्मलच होईल’ हे गृहीत धरून चालत नाही. येथे डॉक्टरीण बाईंच्या हातगुणापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. भूलतज्ज्ञ गावात राहतो की शेजारच्या तालुक्यातून येतो? रक्तपेढी किंवा रक्तसाठा केंद्र किती मिनिटांवर आहे? बाळ रडलेच नाही तर बालरोगतज्ज्ञ आणि पेटी कोठे? प्रसूतीनंतरचा रक्तस्राव कधीकधी अर्ध्या तासातच हाताबाहेर जातो. रक्तपेढी पन्नास किलोमीटरवर असेल, तर आधीपासून रक्तक्षय असलेल्या किंवा जुळी असलेल्या मातेने शेवटचे आठवडे जिल्ह्याच्या गावी एखाद्या नातेवाइकाकडे काढावेत, हे कितीही गैरसोयीचे वाटले तरी.

पुढे पाठवण्याची वेळ

प्रस्तुत लेखकाच्या मते चांगल्या नर्सिंग होमची खरी कसोटी येथे लागते. ज्याला आपली मर्यादा ठाऊक आहे आणि जो रुग्णाला वेळेत पुढे पाठवतो, तो डॉक्टर निवडावा. चार गावकऱ्यांना विचारताना ‘तेथे किती जण बरे झाले’ एवढेच विचारू नये. ‘तेथून किती जणांना वेळेत हलवले, आणि सोबत काय दिले’ हेही विचारावे. चांगला डॉक्टर पुढच्या रुग्णालयाला फोन करतो, दिलेल्या औषधांची वेळेसह चिठ्ठी देतो, रुग्णवाहिकेत प्राणवायू आहे का ते पाहतो. २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झालेली १०८ ची सेवा मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. नुसत्या खाटेची खासगी गाडी तिची बरोबरी करू शकत नाही.

दोन्हीकडे घसरण होऊ शकते. काही जण बिल वाढेपर्यंत रुग्ण अडकवून ठेवतात. काही जण शहरातील ठरावीक रुग्णालयाकडेच पाठवतात, कारण तेथून ‘कट’ मिळतो. डॉक्टरांनी असे कमिशन घेणे २००२ च्या आचारसंहितेने निषिद्ध ठरवले आहे. डॉ. बावस्कर यांनीच २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून आलेला १,२०० रुपयांचा धनादेश परत करून वैद्यक परिषदेकडे तक्रार केली होती. २०१७ मध्ये राज्यात कट प्रॅक्टिसविरोधी विधेयकाचा मसुदाही तयार झाला. पुढे त्याचा कायदा झाला नाही. पाठवणीच्या वेळी ‘तेथेच का?’ असे विचारावे. उत्तरात अंतर, यंत्रणा किंवा तज्ज्ञाचे नाव आले तर ठीक. ‘आपलेच आहेत ते’ एवढेच आले तर आणखी एक फोन करावा.

डॉक्टरांचीही एक बाजू आहे आणि ती सांगितली पाहिजे. मृत्यू झाल्यावर जमाव येऊन काचा फोडतो, या भीतीने अनेक लहान नर्सिंग होम आता गंभीर रुग्ण दारातूनच परत पाठवतात. वैद्यकीय संस्थांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, तरी भीती गेलेली नाही. वास्तविक तातडीच्या रुग्णावर प्राथमिक उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितले आहे. ज्या घराशी डॉक्टरांची आधीची ओळख आहे, ज्यांच्या जुन्या फाइली त्यांनी पाहिल्या आहेत, तेथे ही भीती कमी असते. आईवडिलांची रक्तदाब-मधुमेहाची नियमित तपासणी निवडलेल्या ठिकाणीच चालू ठेवण्याचे हे एक कारण.

पैसे आणि कागद

जानेवारी २०२१ मध्ये नोंदणी कायद्याखालील नियम सुधारण्यात आले. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांना सक्तीचे झाले, तसेच स्थानिक प्राधिकरणाने तक्रार निवारण कक्ष ठेवणे अपेक्षित आहे. लहान गावात दरपत्रक क्वचितच दिसते. मागितले की मात्र बहुतेक वेळा तोंडी सांगतात. ते एका कागदावर लिहून घ्यावे : खाटेचे दिवसाचे भाडे, डॉक्टरांची फेरी, शस्त्रक्रियेचा एकूण आकडा, आणि त्या आकड्यात भूलतज्ज्ञाचे व औषधांचे पैसे धरले आहेत की नाहीत. वाद होतो तो बहुधा या शेवटच्या मुद्द्यावर. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या सनदेत औषधे बाहेरून आणण्याचा, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा आणि बिल थकले तरी रुग्णाला अथवा मृतदेह ताब्यात घेण्याचा हक्क नमूद आहे.

केसपेपरची प्रत मागणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास, अशी समजूत गावाकडे आहे. २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवाव्या लागतात आणि मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्या लागतात. त्यांच्याविना विम्याचा दावाही उभा राहत नाही आणि ग्राहक आयोगातील तक्रारही. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे.

सुटीत गावी जाल तेव्हा निवडलेल्या ठिकाणाचा, तेथील डॉक्टरांचा आणि सीटी स्कॅन असलेल्या सर्वांत जवळच्या रुग्णालयाचा फोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून घरात दर्शनी जागी लावावा. एक प्रत शेजाऱ्यांकडे द्यावी. त्याच पिशवीत चालू औषधांची यादी, जुना ईसीजी, रक्तगट, विमा किंवा आयुष्मान कार्ड, आधार आणि शिधापत्रिकेची झेरॉक्स ठेवावी. जुना ईसीजी विसरू नये. नव्या पट्टीतील बदल आजचा की दहा वर्षांपूर्वीचा, हे रात्रपाळीच्या डॉक्टरला त्याच्याशी ताडून पाहिल्यानेच कळते.